मोटर मोठी नको, चाक लहान हवं: ई-सायकलच्या चाकाचं गणित

कानात हेडफोन घालून ऐकणाऱ्यांसाठी हा भाग आहेच, पण आकडे फार आले की ऐकताना डोक्यावरून जातात. म्हणून हे लेखी रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत, दोन ठिकाणी आकडा चुकीचा बोललो होतो तो दुरुस्त केलाय. बाकी जसं बोललो तसंच.

तर गोष्ट सुरू होते माझ्या मामीच्या डब्यांपासून. मामी कोथरूडमध्ये डबे करते. पोळी-भाजी, आमटी-भात, गुरुवारी उपासाचं. माझा मामेभाऊ ते डबे पोचवतो, आणि त्यातले बरेचसे डबे बावधनला राहणाऱ्या मुलांचे. ज्यांना पुणं माहितीये त्यांना कळलंच असेल मी कुठे येतोय ते. पौड रस्त्यानं चांदणी चौकाकडे निघालात की रस्ता हळूहळू तोंड वर करतो. गाडीत बसून कळत नाही. सायकलवर, मागे कॅरिअरला बारा-तेरा किलोचे डबे बांधून, एप्रिलच्या उन्हात साडेबारा वाजता? चांगलंच कळतं.

त्याच्याकडे होती २९ इंची चाकांची एमटीबी. त्यानं ऑनलाइन कन्व्हर्जन किट मागवलं. मागच्या चाकात बसणारी हब मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी, कंट्रोलर, थ्रॉटल. पहिले दोन आठवडे मजेत गेले. तिसऱ्या आठवड्यात चढावर जळका वास आला, मोटरमधून करकर आवाज आला आणि पोरगा डब्यांसकट रस्त्याच्या कडेला. त्या दिवशी बावधनचे डबे दीड तास उशिरा पोचले. दोन मुलांनी दुसऱ्या दिवसापासून डबाच बंद केला. मामी काही बोलली नाही, पण महिन्याचा हिशेब करताना ती वही जरा जोरात मिटते, ते आम्हाला ऐकू येतं.

मोटर उघडली तर आतले नायलॉनचे छोटे गिअर मऊ पडून दाते गेलेले, आणि तांब्याच्या तारांवरचं वेष्टण काळंठिक्कर. किट ज्यांनी विकलं त्यांचा सल्ला होता, "पाचशे वॅटची घ्या." आमचाही तोच विचार चालला होता. मग गेलो आमच्या जुन्या सायकलवाल्या काकांकडे. काकांनी मोटर हातात घेऊन फिरवली, वास घेतला, मग सायकलकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, एवढी भिंगरी एवढ्याशा मोटरला फिरवायला लावतोस? चाक लहान कर की."

मला आधी वाटलं काका गंमत करतायत. नव्हते करत. घरी येऊन मी गणित मांडलं, आणि आज तेच तुम्हाला सांगायचंय.

मोटरला चाक कसं दिसतं

विहिरीवरचा रहाट आठवा. किंवा अगदी साधं, मोठा स्क्रू लांब पान्यानं आणि आखूड पान्यानं फिरवून बघा. हब मोटर चाकाच्या मधोमध बसते. ती पिळ देते, त्याला आपण टॉर्क म्हणतो. तो पिळ टायरपर्यंत पोचून रस्त्याला मागे ढकलतो, म्हणून सायकल पुढे जाते. पण मधल्या आसापासून टायरपर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितका तोच पिळ रस्त्यावर कमी जोर देतो. सरळ भागाकार आहे: जोर म्हणजे टॉर्क भागिले त्रिज्या.

आता पॅडलच्या सायकलला गिअर असतात. चढ आला की आपण मागची मोठी चकती घेतो. हब मोटरला ती सोयच नाही. चेन आणि गिअर तिच्या कामाचे नाहीत, ती थेट चाकाला बांधलेली. तिचा एकच गिअर, आणि तो गिअर म्हणजे चाकाचा आकार. मोठं चाक लावलंत म्हणजे तुम्ही तिला कायमचं टॉप गिअरमध्ये टाकलंत. मग घाटात टॉप गिअरमध्ये गाडी चालवली की काय होतं, ते सांगायला नको.

(ज्यांनी पॅडलच्या जागी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर घेतलीये त्यांना हे दुखणं फारसं नाही. त्यांची मोटर चेनमधून जोर देते, म्हणजे मागचे गिअर तिला वापरता येतात. आजचा भाग हबवाल्यांचा.)

चढाचा हिशेब

समजा स्वार ६५ किलो, सायकल आणि बॅटरी मिळून २२ किलो, डबे १३ किलो. एकूण १०० किलो. चढ ६ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. गुरुत्वाकर्षण मागे ओढतं सुमारे ५९ न्यूटननं. टायरचं घर्षण आणि थोडा वारा धरून आपण ७० न्यूटन म्हणू. हा आकडा चाकावर अवलंबून नाही, चढ आणि वजन यांवर आहे.

आता चाकं. २९ इंची चाक, जाड टायर धरून, बाहेरून ७३ सेंमी व्यासाचं. त्रिज्या ३६.५ सेंमी. २६ इंची चाक साधारण ६६ सेंमीचं, त्रिज्या ३३. आणि २० इंची चाक सुमारे ५० सेंमीचं, त्रिज्या २५ सेंमीच्या थोडी वर.

७० न्यूटनचा जोर काढायला २९ इंचीवर मोटरला साडेपंचवीस न्यूटन मीटर पिळ द्यावा लागतो. २६ इंचीवर २३. आणि २० इंचीवर फक्त १७.७. म्हणजे तीस टक्के कमी. बरं वाटतं, पण यात उडी मारण्यासारखं काय, असं वाटेल. थांबा, खरी गंमत पुढे आहे.

मोटरचा पिळ तिच्यातून जाणाऱ्या करंटवर ठरतो. दुप्पट पिळ, दुप्पट करंट. पण तारा तापतात त्या करंटच्या वर्गानं. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. मग उलटंही खरं. पिळ ०.७ पट झाला की उष्णता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे जवळपास निम्मी! तोच चढ, तेच डबे, तीच मोटर, आणि तारा निम्म्याच तापतात.

एवढ्यावर संपत नाही. समजा कंट्रोलर बॅटरीतून ३२० वॅट घेतो. २९ इंची चाकावर त्यातले १३० वॅट तारा तापवण्यात गेले असं धरू. उरले १९०. ७० न्यूटनच्या विरुद्ध १९० वॅट म्हणजे सेकंदाला २.७ मीटर, ताशी सुमारे १० किमी. २० इंची चाकावर उष्णता ६२ वॅट, उरले २५८ वॅट, वेग ताशी १३ किमीच्या थोडा वर. म्हणजे लहान चाकावर चढ *लवकर* चढतो. मला हे पहिल्यांदा खरंच वाटेना, कारण आपल्या डोक्यात बसलेलं असतं की मोठं चाक म्हणजे वेग.

आता एक किलोमीटरचा चढ घ्या. मोठ्या चाकावर सहा मिनिटांच्या वर १३० वॅटची शेगडी चालू. लहान चाकावर साडेचार मिनिटं ६२ वॅटची. एकूण उष्णता मोजली तर लहान चाकावर ती साधारण एक तृतीयांश येते. हब मोटरमध्ये उष्णतेला बाहेर पडायला वाट फार कमी असते. तारा आत आसावर गुंडाळलेल्या, मध्ये हवेची पोकळी, बाहेर झाकण. गिअरवाल्या हबमध्ये तर आणखी एक कवच. हात लावून बाहेरून 'कोमटच आहे' वाटतं तेव्हा आत नायलॉन मऊ पडत असू शकतं. मामेभावाच्या मोटरचं तेच झालं.

(यात मी गिअरचं घर्षण, लोखंडी पट्ट्यांतलं नुकसान असल्या बारक्या गोष्टी सोडल्यात. त्यांनी आकडे थोडे हलतील, पण चित्र तेच राहील.)

ज्यांना स्वतःची मोटर, स्वतःचा चढ घालून बघायचंय त्यांच्यासाठी कॅनडातल्या व्हँकूवरच्या ग्रिन टेक्नॉलॉजीज या कंपनीचा फुकट मोटर सिम्युलेटर आहे. फोनवर उघडतो. चाकाचा आकार, वजन, चढाचे टक्के टाका, तो आलेख काढून दाखवतो, आणि मोटर किती वेळात फार तापेल तेही सांगतो. किट घ्यायच्या *आधी* अर्धा तास त्यावर घालवा. आम्ही नंतर घालवला.

'हाय टॉर्क मोटर' हा सापळा

इथे बरेच जण म्हणतील, चाक कशाला बदलायचं, हाय टॉर्क मोटर घ्यायची. दुकानदारही तेच सांगतात. हे नीट समजून घ्या.

एकाच आकाराच्या मोटरमध्ये तांबं भरायची जागा तितकीच असते. तीत बारीक तारेचे जास्त वेढे घातले तर मोटर हळू फिरते आणि कमी करंटमध्ये तोच पिळ देते. हीच 'हाय टॉर्क'. पण तार बारीक आणि लांब झाल्यामुळे तिचा विरोध वाढतो. करंट कमी, विरोध जास्त, आणि गुणाकार करून बघितलं तर तेवढ्याच पिळाला उष्णता तेवढीच. वेढे बदलून तुम्ही कंट्रोलरचं काम सोपं केलंत, तारांचं तापणं कमी नाही केलं. ते कमी करायचं तर एक तर मोटर खरोखर मोठी आणि जड घ्या, नाही तर तिच्याकडून कमी पिळ मागा. कमी पिळ मागायचा रस्ता म्हणजे लहान चाक.

उलट लहान चाकाला वेगानं फिरणारी मोटरच जास्त शोभते. किटवर आरपीएम लिहिलेले असतात. समजा ३६ व्होल्टला २६० आरपीएम. चाकाच्या एका फेरीत किती अंतर जातं ते मोजा: टायरवर आणि जमिनीवर खडूनं खूण करा, एक पूर्ण फेरी ढकला, टेपनं मोजा. २६ इंचीला ते सुमारे २.०७ मीटर, २० इंचीला १.५९ मीटर येतं. २६० गुणिले २.०७ गुणिले ६० भागिले १०००, आले ताशी ३२ किमी. हा चाक हवेत फिरताना वेग, रस्त्यावर त्याचा पाऊण ते ऐंशी टक्के. तीच मोटर २० इंचीत घातली तर हवेत २५, रस्त्यावर सपाटीला २० च्या आसपास. कमी वाटत असेल तर ३२८ आरपीएमवाली घ्या, मग २० इंचीवरही हवेत ३१ मिळतात.

त्यापुढे जायची गरजही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी असेल, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच असं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. आणखीही अटी आहेत. ५०० वॅटची मोटर लावलीत की तुम्ही त्या सवलतीच्या बाहेर गेलात. रोज डबे घेऊन फिरणाऱ्यानं ही जोखीम कशाला घ्यायची? म्हणून २५० मध्येच बसून चढ काढायचा असेल तर चाकाकडेच यावं लागतं.

तुमच्या गल्लीतल्या स्लो स्पीड इलेक्ट्रिक स्कूटर बघा ना. बिनलायसन्सच्या. त्याही त्याच नियमात बसवलेल्या आणि अंगानं सायकलीपेक्षा कितीतरी जड. त्यांचं १० इंची रिमचं चाक बाहेरून ४० सेंमीच्या आसपास असतं. २९ इंची चाक त्या मोटरला लावलं तर फ्लायओव्हरवरही ती हात जोडेल.

मग काय, सरळ २० इंची रिम ठोकायची?

नाही! आम्ही जवळजवळ तेच करणार होतो. मोठ्या फ्रेममध्ये लहान चाक घालणं म्हणजे मोठ्या भावाची पँट कापून घालण्यासारखं, कुठे कुठे लोंबतं ते आधी बघावं लागतं.

पहिली अडचण पॅडलची. २६ इंची फ्रेममध्ये दोन्ही चाकं २० इंची केली तर अख्खी सायकल साडेसात सेंमी खाली बसते. पॅडलचा आस जमिनीपासून ३० सेंमीवर असेल तर तो २२ वर येतो. क्रँकची लांबी १७ सेंमी. खाली उरले पाच, आणि त्यात पॅडलची जाडी. वळणावर सायकल जरा कलली की पॅडल रस्त्याला घासणार आणि तुम्ही आडवे.

मागचंच चाक लहान केलं तर? मग सायकल मागे झुकते, साधारण चार अंशांनी. हँडलचा कोन बदलतो, स्टिअरिंग जड आणि लोळल्यासारखं होतं, सीटचं तोंड वर होतं. सीट सरळ करता येते, पुढच्या चिमट्याचा कोन नाही करता येत.

दुसरी अडचण ब्रेकची. रिमला धरणारे ब्रेक असतील तर ब्रेकचे रबर नव्या रिमपर्यंत पोचणारच नाहीत. डिस्क ब्रेक असतील तर प्रश्न नाही, उलट फायदा: तीच डिस्क लहान चाकावर जास्त जोरात थांबवते, गणित तेच, त्रिज्येनं भागायचं.

म्हणून माझं मत असं. फ्रेम २९ ची आणि डिस्कवाली असेल तर दोन्ही चाकं २६ ची करून जाड टायर घाला. सायकल साडेतीन सेंमी खाली येते, जाड टायरनं त्यातलं थोडं भरून निघतं, क्रँक जरा आखूड घेतली की चालून जातं. उष्णता वीसेक टक्क्यांनी कमी. हा अर्धवट पण स्वस्त उपाय. ज्याचा रोजचा रस्ता सपाट आहे आणि मध्ये एखादा पूल आहे, त्याला एवढं पुरे. पण रोज वजन घेऊन चढ असेल तर मुळात २० इंची चाकांसाठीच बनवलेली फ्रेम शोधा. घडीची सायकल किंवा मिनी सायकल. तिच्यात पॅडलची उंची, चिमट्याचा कोन हे सगळं लहान चाक धरूनच ठरवलेलं असतं.

मामेभावानं शेवटी तेच केलं. सेकंडहँड, स्टीलची फ्रेम असलेली २० इंची घडीची सायकल. स्टील मुद्दाम बघितलं, कारण मोटरचा आस मागच्या खाचेला सतत पिळत असतो आणि ॲल्युमिनियमची खाच अचानक फाटते. तरी दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म लावलेच. ते ऐच्छिक समजू नका.

काकांचं काम: आरे

चाक विणण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात.

हब मोटरचा डबा मोठा असतो. २० इंची रिममध्ये तो घातला की हब आणि रिममध्ये जागाच कमी उरते. गिअरवाली छोटी मोटर असेल तर आऱ्यांची लांबी तेरा-चौदा सेंमी येते. गिअर नसलेली मोठी डायरेक्ट ड्राइव्ह मोटर असेल तर जेमतेम आठ सेंमी. एवढ्या आखूड आऱ्यांची नेहमीसारखी तीनदा ओलांडून वीण घातली, तर आरा रिमच्या भोकात तिरका शिरतो, निपलपाशी वाकतो आणि महिन्याभरात टणकन तुटतो.

काकांनी एकच ओलांडणी ठेवली. ते म्हणाले, "मोठ्या चाकात आरा लवतो, धक्का खातो. हा लवणार नाही, हा सरळ तुटेल. म्हणून ताण सगळ्यांना सारखा पाहिजे." दोन दिवस चाक त्यांच्याकडे होतं. आऊट काढला, डबे बांधून एक दिवस चालवायला लावलं, परत आऊट काढला. जाड, म्हणजे १२ गेजचे आरे घालावेत का, असं मी विचारलं. नेटवर सगळे तेच सांगतात. काका म्हणाले जाड आऱ्याला ताणायला जास्त ओढ लागते, ती ओढ रिमला झेपली नाही तर आरे ढिलेच राहतात, आणि ढिला आराच तुटतो. त्यांनी १३ गेजचे घातले. मला त्यांचं पटलं.

मोठ्या शहरातही हब मोटरचं लहान चाक नीट विणणारा माणूस पटकन सापडत नाही. सापडला तर घासाघीस करू नका.

टायरच्या मापाबद्दल माझीच फजिती सांगतो. '२० इंची' असं म्हणून मी टायर आणलं आणि ते रिमवर चढेचना. कारण २० इंची नावाची दोन वेगळी चाकं आहेत. २० × १.७५ वालं रिमवर ४०६ मिमीचं, आणि २० × १⅜ वालं ४५१ मिमीचं. साडेचार सेंमीचा फरक, नाव तेच! २६ चंही तसंच: एमटीबीचं ५५९, जुन्या लेडीज सायकलचं २६ × १⅜ म्हणजे ५९०. टायरच्या कडेला बारीक अक्षरात '४७-४०६' असा आकडा असतो, पहिली जाडी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानात इंच बोलूच नका, तो दुसरा आकडा बोला. आणि लहान मुलांच्या सायकलचं २० इंची टायर सगळीकडे मिळतं म्हणून ते उचलू नका. टायरच्या कडेला कमाल वजन छापलेलं असेल तर ते वाचा, कारण मागच्या चाकावर मोटर, माणूस आणि डबे असा सगळा भार येणार आहे.

लहान चाकाची किंमत

आता तोटे. लपवायचं काही नाही.

खड्डे. वीस सेंमी रुंदीच्या खड्ड्यावरून २९ इंची चाक गेलं तर ते १४ मिमी खाली उतरतं. २० इंची चाक २१ मिमी. भूमितीच आहे ती. म्हणजे प्रत्येक खड्डा दीडपट खोल वाटतो, आणि आपल्या रस्त्यांवर 'प्रत्येक' हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. १९६२ साली ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी १६ इंची चाकांची सायकल आणली तेव्हा तिला पुढे-मागे सस्पेन्शन दिलं होतं, ते याच कारणानं. आपल्याकडे तो खर्च नको असेल तर निदान दोन इंच रुंद टायर आणि हवा जरा बेतानं. मामेभावाच्या डब्यातली आमटी पहिल्या दिवशी सांडली. आता कॅरिअरवर जुन्या योगा मॅटचा तुकडा आहे.

पॅडलचा वेग. पुढे ४८ दाते, मागे १८. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर २६ इंची चाकावर ताशी २० किमी मिळतात, २० इंचीवर फक्त १५. मोटर सपाटीला २० नं पळतेय आणि तुमचे पाय हवेत पेंड्या मारतायत, असं दृश्य होतं. पुढे ५२ आणि मागे १४ दाते केले की हिशेब परत जुळतो. हे फक्त हौस म्हणून नाही. चढावर तुम्ही पायांनी ८० वॅट दिले, म्हणजे आरामात, घाम न काढता, तर ७० न्यूटनमधले साधारण २४ तुम्ही उचलता. मोटरकडे ४६ उरतात, आणि वर्गाच्या नियमानं तिची उष्णता निम्म्याहून खाली जाते. थ्रॉटल पिळून नुसतं बसून राहणाऱ्यांच्या मोटर आधी जळतात, ते उगाच नाही.

लहान चाकाचं हँडल चपळ असतं, पहिले दोन दिवस सायकल नखरेल वाटते. एका हातानं फोन बघत चालवायची सवय असेल तर ती सुटेल, बरंच आहे. आणि रिम ब्रेक असतील तर लांब उतारावर लहान रिम लवकर तापते, तेव्हा दोन्ही ब्रेक आलटूनपालटून वापरा.

अजून एक, विसरायचं नाही असं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये चाकाचा आकार बदला. नाही बदलला तर मीटर २५ दाखवतो आणि तुम्ही प्रत्यक्षात १७-१८ नं जात असता. मामेभाऊ पहिल्या दिवशी फोन करून ओरडत होता, "दादा, ही तर आधीपेक्षा पळते!" मीटरमध्ये अजून २९ च होतं.

सध्याची स्थिती अशी. जूनपासून तो त्याच २५० वॅटच्या नव्या मोटरवर, २० इंची चाकावर, बावधनचा चढ रोज काढतोय. वर पोचल्यावर थांबून मोटरवर तळहात ठेवतो, दहा आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला तर त्याच्या हिशेबानं सगळं ठीक. आतापर्यंत ठेवता आलाय. सपाटीला त्याला कॉलेजची पोरं साध्या सायकलवर मागे टाकतात आणि त्याचा त्याला राग येतो. सोडून गेलेल्या दोघांपैकी एक मुलगा परत डबा घेतोय. दुसऱ्याला घरून आईनं इंडक्शन पाठवून दिलंय, त्यात आमचा दोष नाही.

जुनी २९ इंची एमटीबी माझ्या गॅलरीत उभी आहे. तिच्यावर पुढच्या भागात बोलू, कारण काकांनी तिच्यासाठी वेगळंच काहीतरी सुचवलंय. तोवर टायरवरचा तो बारीक आकडा वाचा, तुमच्या रस्त्यावरचा सगळ्यात खडा चढ कुठला ते बघा, आणि दोन्ही मला व्हॉइस नोटमध्ये सांगा. वजन खरं सांगा बरं का, बॅग धरून.